रंग नको, बेअरिंग द्या

कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. फिटर म्हणून लागलो, आता सुपरवायझर. समाजकार्याशी माझा संबंध एवढाच, की म्हार्दोळला म्हाळसेची जत्रा असली की पार्किंगच्या व्यवस्थेला उभं राहायचं. तरीही गेली काही वर्षं फोंड्याची एक छोटी संस्था आणि आमची कंपनी यांच्यामधला माणूस म्हणून माझं नाव दोन्हीकडच्या कागदांवर आहे. एचआरच्या मॅडम पुण्याच्या, त्यांना कोकणी येत नाही. संस्थेच्या खजिनदार सरांना इंग्रजी ईमेल वाचायचा कंटाळा. आणि मी दोघांनाही जवळ पडतो. निवडीमागे याहून मोठं कारण नव्हतं.

'आमच्या गावच्या संस्थेला कंपनीकडून काही मिळेल का, त्यासाठी काय करावं लागतं?' असं आता लोक मला थांबवून विचारतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धंच सांगून होतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

संस्था रुग्णसाहित्य वापरायला देते. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, वर-खाली होणारी कॉट, हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. अनामत रक्कम ठेवायची, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणायची, पैसे परत घ्यायचे. जागा म्हणजे तिस्काच्या मागच्या बाजूला एका जुन्या चिरेबंदी घराच्या दोन खोल्या, मालकांनी विनाभाडं दिलेल्या. चालवणारे मोजके: हायस्कूलमधून निवृत्त झालेले सर, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या काकी, आणि सामान पोचवायला एक पिकअपवाला मुलगा. बांबोळीहून फोन येतो, 'बाबांना उद्या घरी सोडतायत, अर्धांग आहे, कॉट मिळेल का?' आणि संध्याकाळपर्यंत कॉट घरात लागलेली असावी लागते. काकी सोबत जातात आणि हवेच्या गादीचा पंप कुठे टांगायचा, माणसाला कुशीवर कसं वळवायचं, दर किती वेळाने वळवायचं हे घरच्यांकडून करून घेतात. सगळ्या सेवेत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं, आणि नेमकं हेच कुठल्याही देणगीच्या पावतीवर लिहिता येत नाही.

आमच्या बाजूने सुरुवात झाली ती एका शनिवारच्या कल्पनेने. मॅडमना 'व्हॉलंटिअरिंग डे' करायचा होता. पन्नास-साठ कर्मचारी, सगळ्यांना सारखे टी-शर्ट, संस्थेच्या भिंतींना रंग, दुपारी जेवण, फोटो. मी निरोप घेऊन गेलो. सरांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भिंतींना दोन वर्षांपूर्वी रंग दिलाय. आणि साठ माणसं या दोन खोल्यांत उभी तरी कुठे राहणार? तू मेंटेनन्सचा ना? मग मागची खोली बघ."

मागच्या खोलीत छतापर्यंत खुर्च्यांचा ढीग. गोव्याच्या पावसाळ्यात लोखंड चार महिने ओलं राहतं, आणि लोक खुर्ची न्हाणीत नेतात, मग तशीच पडवीत ठेवतात. मी एकेक ओढून बाहेर काढली. पुढची छोटी चाकं जाम, ब्रेकच्या पट्ट्या वाकलेल्या, पाय ठेवायच्या फळ्या गायब, रेक्झिनची बैठक फाटलेली. सांगाडे मात्र बहुतेक सगळे धडधाकट. त्या छोट्या चाकांत (कॅस्टर) ६०८ नंबरचं बेअरिंग, जे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. त्या ढिगाकडे बघून माझ्या डोक्यात एकच आकडा चालू होता: यातल्या किती उद्याच्या उद्या रस्त्यावर येतील. संस्था दर वर्षी देणगीतून नव्या खुर्च्या घेत होती आणि जुन्या मागच्या खोलीत सारत होती, कारण नवी खुर्ची द्यायला देणगीदार मिळतो, बेअरिंग द्यायला कोणी येत नाही.

मॅडमना मी हेच सांगितलं. रंग नको, दर महिन्याच्या एका शनिवारी माझी तीन-चार माणसं दोन तास द्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग बाकीचे काय करणार?" प्रश्न गैर नव्हता, त्यांनाही वर आकडा दाखवायचा असतो. शेवटी तडजोड झाली. एक शनिवार सगळ्यांचा, तोही संस्थेत नाही, आमच्याच कॅन्टीनच्या शेडमध्ये. लोकांनी खुर्च्या पुसल्या, गंज घासला, बैठका उसवल्या, फोटो काढले. पुढचे शनिवार फिटरांचे.

खुर्च्या कारखान्यात आणणं हा स्वतंत्र अध्याय. गेटवर सिक्युरिटीने विचारलं, इनवर्ड (आत आलेल्या मालाची नोंद) कशावर करू? चलन नाही, पुरवठादार नाही, माल कंपनीचा नाही. बाहेर जाताना उलटा प्रश्न: रिटर्नेबल गेट पास की नॉन-रिटर्नेबल? स्टोअरवाला बेअरिंग देईना, कारण कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च टाकायला खातं, नाही. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. औषधाच्या कारखान्यात एक स्क्रूसुद्धा हिशेबाबाहेर जाऊ नये अशीच पद्धत असते आणि ती असायलाच हवी. प्लांट हेडनी एक छोटा खर्च-कोड उघडून दिला आणि कामाची जागा उत्पादनापासून लांब, स्क्रॅप यार्डाशेजारी ठरवली, तेव्हा गाडी सुरू झाली. तुमच्या ओळखीतल्या कारखान्याकडून असं काही हवं असेल तर एचआरच्या आधी स्टोअर आणि सिक्युरिटीच्या माणसाशी बोला.

कशाला हात लावायचा नाही हेही आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. कोविडच्या २०२१ मधल्या लाटेत ठिकठिकाणी कॉन्सन्ट्रेटर देणगीत आले, तसे या संस्थेलाही आले. नंतर ते कोपऱ्यात बसून राहिले. या मशीनच्या पोटात झिओलाइटचे दाणे असतात, ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. दाण्यांना दमट हवेचं वावडं. मशीन महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं की ओल धरते, मग दिवा लागतो, आवाज येतो, नळीतून हवाही येते, पण तिच्यात ऑक्सिजन पुरेसा नसतो. चांगल्या मशीनमधून तो नव्वद टक्क्यांच्या वर यायला हवा. हे कानाने किंवा हाताने कळत नाही, मीटर लावावा लागतो. आमचा एक पोरगा उत्साहाने स्क्रूड्रायव्हर घेऊन बसला होता, त्याला उठवलं. बाहेरचा स्पंज फिल्टर धुणं आणि पडून असलेलं मशीन अधूनमधून चालवून ठेवणं एवढं आमचं; आतलं काम मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याचं. आणि त्या सर्व्हिसला पैसे लागतात. इथून पुढे फिटरांचं काम संपलं आणि कागदांचं सुरू झालं.

सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकामावर करायचा खर्च, ही मालकाची मर्जी, असा माझा समज होता. तसं नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये ते लिहिलेलं आहे आणि १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. आदल्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातली एक जरी रेषा ओलांडली तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्च करावे लागतात. आमची कंपनी फक्त नफ्याच्या अटीत बसते. म्हणजे शेड लहान दिसते म्हणून कंपनी यात नसेलच, असं धरून चालू नये. खर्चाची रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. आमच्याकडे तसंच आहे. त्यामुळे 'बोर्डाची बैठक कधी?' हा प्रश्न अर्ज लिहिण्याच्याही आधी विचारायचा. बैठक हुकली की पुढचीची वाट बघत बसायचं.

संस्थेच्या बाजूला बऱ्याच गोष्टी तयार होत्या, कारण सर काटेकोर. सोसायटी नोंदणी १८६० च्या कायद्याखालची, दर वर्षीचं ऑडिट, आणि आयकर सवलतीच्या दोन नोंदण्या: संस्थेसाठी १२ए, देणगीदारांसाठी ८०जी. २०२१ मध्ये आयकर खात्याने सगळ्या जुन्या संस्थांना नव्याने नोंदणी करायला लावली होती, तीही त्यांनी वेळेत केलेली. नव्हतं ते एकच: सीएसआर-१. बाहेरच्या संस्थेमार्फत कंपनीला काम करून घ्यायचं असेल तर १ एप्रिल २०२१ पासून त्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे हा फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. फॉर्मवर संस्थेच्या पदाधिकाऱ्याची डिजिटल सही लागते, आणि सीए, कंपनी सेक्रेटरी किंवा कॉस्ट अकाउंटंटने तो प्रमाणित करावा लागतो.

डिजिटल सही काढायला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर स्वतःची ओळख द्यावी लागते. सरांनी त्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या वेळी उजेड कमी पडला, दुसऱ्या वेळी ते बोलता बोलता चष्मा काढायला लागले. तिसऱ्या खेपेला काकी मोबाइलच्या मागे उभ्या राहून खुणा करत होत्या. अनुभवाचा पुरावा मात्र त्यांनी असा दिला की सीएसुद्धा गप्प झाला: पहिल्या दिवसापासूनची वस्तू देण्या-घेण्याची वही, तारखेनिशी, घेणाऱ्याच्या सहीनिशी.

मधे एक फाटा फुटला होता, तो सांगायलाच हवा, कारण गोव्यात तो प्रत्येक संस्थेपुढे येतो. संस्थेच्या हितचिंतकांत लंडन-लिस्बनकडे गेलेली माणसं आहेत, काहींनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला. त्यातले एक म्हणाले, कंपनीच्या नादाला कशाला लागता, मीच पाठवतो. भारतीय पासपोर्ट असलेला गोंयकार दुबईतून स्वतःच्या कमाईतले पैसे पाठवतो तेव्हा ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्ट बदलला की माणूस तोच, चवथीला घरी येणारा, पण त्याची देणगी परदेशी, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी. ती घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं लागतं. सरांनी हात जोडून नको म्हटलं. मग त्यांनीच शंका काढली, आपल्या कंपनीत परदेशी भांडवल आहे, तिचे पैसे चालतील का? आमच्या कंपनी सेक्रेटरीने खुलासा केला: परदेशी गुंतवणूक त्या क्षेत्राच्या ठरलेल्या मर्यादेत असेल तर भारतात नोंदलेल्या कंपनीचा पैसा परदेशी धरत नाहीत, २०१६ मध्ये तशी दुरुस्ती झाली आहे.

खरी ओढाताण झाली ती कराराच्या मसुद्यावर. कंपनीला द्यायचं होतं: नव्या कॉट, नव्या खुर्च्या, प्रत्येकीवर लोगो. संस्थेला हवं होतं: कॉन्सन्ट्रेटरची सर्व्हिस, गाद्यांचे पंप, पिकअपचं भाडं आणि काकींना निदान मानधन. दोन याद्यांमध्ये सामाईक असं जवळजवळ काहीच नव्हतं.

लोगोचा मुद्दा तुलनेने सोपा गेला. मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरत नाहीत, हे कंपनी सेक्रेटरीला माहीत होतं. शिवाय काकींनी विचारलं, "बापूस खाटेर आसा, आणि खाटेर औषधांच्या कंपनीचें नांव? लोकांक कशें दिसतलें?" मग कॉटच्या पायाशी छोटी पट्टी, तीही अनुक्रमांकासोबत, असं ठरलं. कामगारांच्या घरच्यांना प्राधान्य मिळावं, ही युनियनकडून आलेली सूचनाही मागे पडली. फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम कायद्यात बसत नाही. रांगेत सगळ्यांबरोबर उभं राहायला कोणाची ना नाही. आमच्या वेल्डरच्या आईला पुढे कॉट लागली तेव्हा तोही अनामत भरूनच घेऊन गेला. आणि फिटरांनी दिलेले तास पैशात मोजून त्या २ टक्क्यांत घालता येतील का, असं अकाउंट्सने विचारून बघितलं. तेही चालत नाही. तास हे तासच.

पैशांपाशी गाडी अडली. मॅडम म्हणाल्या, भाडं आणि मानधन हा प्रशासकीय खर्च, तो ५ टक्क्यांच्या वर देताच येत नाही. ही समजूत मी नंतर दुसऱ्या कंपन्यांतल्या लोकांकडूनही ऐकली, आणि अशा संस्थांचं सगळ्यात जास्त नुकसान तिनेच होत असावं असं माझं मत आहे. नियमातली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभाराला आहे. काम करणाऱ्या संस्थेला कामासाठी जे भाडं, जे मानधन द्यावं लागतं ते प्रकल्पाच्या खर्चात धरता येतं. कंपनी सेक्रेटरीने हे लेखी दिलं, तेव्हा मॅडमनी नियमाचा मुद्दा सोडला आणि खरं कारण सांगितलं: संचालकांना 'काय दिलं' ते दाखवायचं असतं. डिझेलचा फोटो काय काढणार?

सरांनी यावर काढलेला मार्ग शिक्षकालाच सुचेल असा होता. त्यांनी वहीतून एक तक्ता केला. एका बाजूला वस्तू, दुसऱ्या बाजूला ती वर्षभरात किती घरांत गेली आणि किती महिने दुरुस्तीअभावी पडून राहिली. नवी कॉट घेतली तर एवढी घरं, त्याच पैशांत पडून असलेल्या वस्तू दुरुस्त केल्या तर एवढी घरं. बोर्डाच्या टेबलावर तो एक कागद गेला. मंजुरी अर्धी-अर्धी आली: निम्मे पैसे नव्या कॉट आणि गाद्यांना, निम्मे सर्व्हिस आणि सुट्या भागांना. काकींचं मानधन 'रुग्णसेवकांचं प्रशिक्षण' या ओळीत बसलं, आणि ते खोटं नव्हतं, त्या तेच करतात. पिकअपचं भाडं मात्र उडालं.

आता वेळापत्रकाचा घोळ. कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून फेब्रुवारीपासून सगळ्यांना घाई: लवकर घ्या, लवकर बिल द्या. संस्थेची गर्दी असते चवथीला. शहरात फ्लॅटमध्ये राहणारी कुटुंबं म्हाताऱ्या आई-वडिलांना गणपतीसाठी गावच्या मूळ घरी आणतात, आणि त्या घराला बाहेर पाच पायऱ्या, आत उंच उंबरठा, न्हाणी मागच्या दारी. श्रावण लागला की व्हीलचेअरसाठी फोन सुरू. एका घरी खुर्ची दारातून आतच जाईना, तेव्हा आमच्या सुताराने उतरती फळी करून दिली. नंतर तशा फळ्या आम्ही पॅकिंगच्या लाकडातून करून ठेवल्या, माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं बांधायच्या चौकटीच्या) सामानासोबत लोक त्याही घेऊन जातात. मार्चमध्ये घाईने घेतलेल्या वस्तू पावसाळाभर ओलीत ठेवायच्या आणि ऐन चवथीला दुरुस्तीचे पैसे संपलेले, असं पहिल्या वर्षी झालं.

दुसऱ्या वर्षी कंपनी सेक्रेटरीनेच सुचवलं की हे 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करून घ्या. तसं केलं की मार्चअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन वर्षांत खर्च करता येते. चालू प्रकल्प नसेल तर ती सहा महिन्यांत सरकारने ठरवून दिलेल्या निधीत जाते, आणि फोंड्याच्या वाट्याला काही येत नाही. सुरुवातीच्या अर्जातच हा शब्द घालून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

पैसे आल्यावरचं काम कंटाळवाणं, पण अवघड नाही. प्रत्येक बिल, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं सीएचं विनियोग प्रमाणपत्र, तिमाही अहवाल, फोटो. फोटोंत रुग्णांचे चेहरे नकोत हे काकींनी पहिल्याच दिवशी ठणकावलं, त्यामुळे आमच्या अहवालात चाकं, हात आणि पायऱ्याच दिसतात. शिवाय कोणी किती देणगी दिली ते आयकर खात्याला कळवायचा १०बीडी फॉर्म ३१ मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये, म्हणून सरांच्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेनाने.

टी-शर्टवाल्या पन्नास-साठांपैकी आज चौघं-पाच जण टिकून आहेत. मॅडमना ते कमी वाटतं, मला पुरेसं. त्यातला एक अकाउंट्सचा मुलगा आहे. त्याला पाना धरता येत नाही, म्हणून तो सरांची वही कॉम्प्युटरवर चढवतो: कुठली कॉट कोणाकडे, कुठली कधी परत यायची. बाकीचे आम्ही स्क्रॅप यार्डाशेजारी.

यंदाचा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. पिकअपच्या भाड्याची ओळ सरांनी पुन्हा घातली आहे, या वेळी तक्त्यासकट: किती फेऱ्या, किती किलोमीटर, किती घरं. मॅडमनी ती अजून खोडलेली नाही. बोर्डाची बैठक पुढच्या महिन्यात आहे.